मुक्त आहे, तर तसे लिहून द्या

भारतीय कायद्याच्या दृष्टीने संगणकाचा प्रोग्रॅम ही साहित्यकृती आहे. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती झाली आणि 'साहित्यकृती' या शब्दाच्या व्याख्येत संगणकाचे प्रोग्रॅम येऊन बसले. ज्या कायद्याखाली आपल्या कथा-कवितांना संरक्षण मिळते, त्याच कायद्याखाली, त्याच नावाने आणि तितक्याच मुदतीसाठी, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत, कोडच्या ओळींनाही संरक्षण मिळते. आपण साहित्यिक मंडळींनी मात्र या धाकट्या भावंडाकडे कधी वळून पाहिले नाही. ते इंजिनीअर लोकांचे काम, असे म्हणून मोकळे झालो.

पाहायला हवे होते. कारण या साहित्यप्रकाराने गेल्या चाळीस वर्षांत एक गोष्ट केली आहे, जी आपल्याला कधी नीट जमली नाही. आपले लेखन दुसऱ्याने वापरावे, बदलावे, पुढे द्यावे, अशी इच्छा असेल तर ती कोणत्या शब्दांत लिहायची, यावर त्याने कसून विचार केला. त्या विचारातून जे दस्तऐवज तयार झाले, त्यांना ओपन सोर्स परवाने म्हणतात. आणि आज त्या परवान्यांच्या भाषेची जी हेळसांड चालली आहे, बड्या कंपन्यांकडून जाणूनबुजून आणि आपल्याकडून भाबडेपणाने, तिच्याविरुद्ध हा लेख आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे: एखादे सॉफ्टवेअर मुक्त आहे असे म्हणायचे असेल, तर ते कोणत्या अटींवर मुक्त आहे हे लिहून द्यावे लागते. लिहून दिले नसेल, तर ते मुक्त नाही. देणाऱ्याचे मन कितीही मोठे असो.

आधी शब्दाचा घोळ निस्तरू. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजीची अडचण होती. 'फ्री' या एकाच शब्दात 'फुकट' आणि 'स्वतंत्र' असे दोन्ही अर्थ नांदतात. त्यामुळे इंग्रजीत त्यांना आयुष्यभर खुलासा करत बसावे लागले की मी किमतीबद्दल बोलत नाही, स्वातंत्र्याबद्दल बोलतो आहे. आपल्या भाषांना ही अडचण नव्हती. मराठीत 'मोफत' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे. मल्याळममध्ये अशा सॉफ्टवेअरला सरळ 'स्वतंत्र' म्हणतात. तमिळमध्ये 'कट्टट्र', म्हणजे बंधन नसलेले, असा नेमका शब्द रुळला आहे. इतके चांगले शब्द हाताशी असताना आपण ते पाण्यात घातले. आपल्या भाषांतल्या जाहिराती, सरकारी पत्रके आणि वर्तमानपत्रांतल्या बातम्या पाहा: 'मोफत', 'खुले', 'मुक्त', 'सर्वांसाठी उपलब्ध' हे सगळे एकाच वजनाने वापरलेले दिसतील. डाउनलोडला पैसे पडत नाहीत, एवढाच त्यांचा सामाईक अर्थ.

पैसे न पडणे ही फार छोटी गोष्ट आहे. एखादा फाँट फुकट उतरवून घेता येतो, पण त्यात एक जोडाक्षर चुकीचे असेल तर ते दुरुस्त करून दुसऱ्याला देता येते का? एखादा शब्दकोश फोनवर फुकट दिसतो, पण तो दुसऱ्या कोणाला आपल्या प्रोग्रॅममध्ये घालता येतो का? मुक्त सॉफ्टवेअरची कसोटी चार कामांची आहे: कोणत्याही हेतूने चालवणे, आतून वाचून बदलणे, प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रती वाटणे. या चारही गोष्टींची परवानगी असेल, तर ते मुक्त. मग त्यासाठी कोणी पैसे घेतले तरी चालते. परवानगी नसेल, तर फुकट असूनही बंदिस्त.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, लातूरच्या एका निवृत्त शिक्षकाने दहा वर्षे खपून मराठी शब्दांची मोठी यादी केली आणि तिच्या आधाराने शुद्धलेखन तपासणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो संकेतस्थळावर ठेवला आणि वर लिहिले: 'सर्व मराठीप्रेमींसाठी खुले. मनसोक्त वापरा.' काही वर्षांनी सर वारले. आता कोल्हापूरच्या एका मुलीला तो प्रोग्रॅम फोनवर चालेल असा करायचा आहे. तिने काय समजावे? 'वापरा' या शब्दात बदल करणे येते का? बदललेली प्रत इतरांना देणे येते का? 'मराठीप्रेमी' कोण? मराठी शिकणारा धारवाडचा कन्नड विद्यार्थी त्यात धरायचा की नाही? पुस्तके विकून पोट भरणारा प्रकाशक?

कायद्याचे उत्तर कोरडे आहे. परवानगी लिहिलेली नाही, तर हक्क लेखकाकडे राखून आहेत. कॉपीराइटसाठी नोंदणी लागत नाही, '©' हे चिन्हही लागत नाही. लिहिता क्षणी तो लागू होतो. म्हणजे सरांनी काहीच केले नाही तरी कायद्याने त्यांच्या कामाभोवती कुंपण घातलेच आहे, आणि ते काढायला सरांचाच हात लागतो. सर गेले. हक्क वारसांकडे गेला. एक मुलगा पुण्यात, एक मुलगी न्यू जर्सीत. वडिलांच्या त्या यादीवर आपला काही हक्क आहे हे दोघांच्या गावीही नाही. पुढची साठ वर्षे त्या मुलीने त्यांचा पत्ता शोधत फिरायचे, किंवा नियम मोडायचा, किंवा पुन्हा 'अ'पासून यादी करायला बसायचे. यातले तिसरे सर्वांत सज्जनपणाचे. म्हणूनच भारतीय भाषांत तेच ते काम पुन्हा पुन्हा पहिल्यापासून होत राहते.

आपल्याकडे शेतातल्या वाटेची गोष्ट घरोघरी आहे. आजोबांनी शेजाऱ्याला बांधावरून जायची वाट दिली, तोंडी. आजोबा असेतो कोणी अडवले नाही. नातवाने कुंपण घातले आणि प्रकरण तहसीलदारापर्यंत गेले. सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा एक रकाना असतो; तो रिकामा ठेवायचा आणि माणुसकीवर विसंबायचे, हा आपला जुना रोग. आजोबा खोटे नव्हते. फक्त त्यांचा शब्द त्यांच्याबरोबर गेला.

साहित्यात या रोगाचे एक लाडके नाव आहे: 'साभार'. अमक्या अंकातून साभार, तमक्याच्या भिंतीवरून साभार, मूळ लेखकाचे आभार मानून. आभार मानले की परवानगी मिळाली, असा आपला ठाम समज आहे. अनुवादकांना विचारा, आपला अनुवाद तीन ठिकाणी साभार छापून आल्यावर त्यांना कळते. आणि उलट बाजूने, आपले लेखन सर्वदूर जावे असे मनापासून वाटणारा लेखकही ते कुठे लिहून ठेवत नाही. घेणारा विचारत नाही, देणारा सांगत नाही, आणि मध्ये 'साभार' नावाचा एक धुरकट शब्द दोघांची अब्रू राखतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मराठी माणसांनी हीच सवय घरून नेली आहे.

परवाना म्हणजे या धुराला दिलेले उत्तर. त्याची भीती वाटण्याचे कारण नाही. नावे पुष्कळ असली तरी कुळे मुख्यतः दोन. पहिले उदार कुळ: एमआयटी, बीएसडी, अपाची. त्यांचे सांगणे असे की काहीही करा, विका, आपल्या बंदिस्त मालात घाला. फक्त मूळ लेखकाची कॉपीराइटची सूचना आणि हा परवाना सोबत ठेवा, आणि काही बिघडले तर आमच्यावर दावा लावू नका. एमआयटी परवान्याचा सगळा मजकूर दोनशे शब्दांहून कमी आहे. जुन्या पुस्तकांच्या छायाप्रतींतून देवनागरी अक्षरे ओळखणारे टेसरॅक्ट हे सॉफ्टवेअर अपाची परवान्याखाली आहे; मराठी ग्रंथ डिजिटल करणाऱ्यांपैकी कित्येकांचे काम त्यावर चालते.

दुसरे कुळ कॉपीलेफ्टचे, आणि त्याचा मूळपुरुष जीपीएल. त्याची दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिसरी २००७ ची. तो म्हणतो: काहीही करा, पण बदललेली प्रत दुसऱ्याला द्याल तेव्हा तिचा मूळ कोड आणि हेच हक्क त्यालाही द्या. मिळालेले स्वातंत्र्य पुढच्याला नाकारायचे स्वातंत्र्य तेवढे नाही. लिनक्सचा गाभा जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे. त्याचे लेखक हजारो, प्रत्येकाचा हक्क ज्याच्या त्याच्याकडे. त्यामुळे उद्या कोणा एकाला वाटले म्हणून तो बंद करता येत नाही.

जीपीएलबद्दल आपल्याकडे तीन गैरसमज पक्के आहेत. एक, जीपीएलचे सॉफ्टवेअर विकता येत नाही. येते, खुशाल विका, फक्त घेणाऱ्याला कोड आणि हक्क द्या. दोन, बदल केला की तो जगापुढे मांडलाच पाहिजे. नाही, आपल्या कार्यालयातच वापरत असाल तर कोणाला काही देणे लागत नाही, देणे लागते ते प्रत बाहेर दिल्यावर. सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर ठेवून इंटरनेटवरून लोकांना वापरायला दिले तर काय, ही पळवाट बुजवायला एजीपीएल हा वेगळा परवाना आला. तीन, मुक्त सॉफ्टवेअरवर लिहिलेली कादंबरीही मुक्त होते. अजिबात नाही, पेन कोणाचे यावरून कविता कोणाची हे ठरत नाही.

पण फाँटच्या बाबतीत ही तिसरी शंका अगदीच वेडेपणाची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. फाँट हा स्वतःच एक प्रोग्रॅम आहे आणि पीडीएफमध्ये तो आत गुंफला जातो. मग जीपीएलखालचा फाँट वापरून छापलेल्या पुस्तकाचे काय? 'कागदपत्रांना ही अट लागू नाही' असा अपवाद त्यासाठी मुद्दाम जोडावा लागे. एसआयएल संस्थेने फाँटसाठी वेगळा ओएफएल परवाना लिहिला, त्यात हे स्पष्टच म्हटले की या फाँटमध्ये केलेल्या कागदपत्रांना परवान्याची अट लागू नाही. शिवाय फाँट एकटा विकता येणार नाही, आणि बदललेला फाँट याच परवान्याखाली राहील. रेड हॅटने प्रसिद्ध केलेले, जवळजवळ सगळ्या भारतीय लिप्यांतले 'लोहित' फाँट आधी जीपीएलखाली होते, पुढे ते ओएफएलखाली आले. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'मुक्त' हा फाँट याच परवान्याखाली आहे. गुजराती, गुरुमुखी आणि तमिळ ही त्याची भावंडेही. त्याचे नाव 'मुक्त' आहे म्हणून तो मुक्त नाही. सोबत ओएफएलचा मजकूर आहे म्हणून आहे.

शब्दांचा इतका कीस काढायची गरज आहे का, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक खटला. अमेरिकेत रॉबर्ट जेकबसन हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना आणि त्यांच्या मित्रांना खेळण्यातल्या रेल्वेगाड्यांचा नाद. त्या गाड्या संगणकावरून चालवणारे सॉफ्टवेअर त्यांनी लिहिले आणि 'आर्टिस्टिक लायसन्स' नावाच्या परवान्याखाली खुले ठेवले. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने त्यातल्या फायली उचलल्या, लेखकांची नावे आणि कॉपीराइटच्या सूचना गाळल्या आणि आपल्या विक्रीच्या मालात घातल्या. खालच्या न्यायालयाने म्हटले, परवाना इतका मोकळा आहे की फार तर करार मोडला असे म्हणता येईल. कॉपीराइटचा भंग नाही. फुकट दिलेल्या वस्तूच्या करारभंगाची भरपाई काय मिळणार? शून्य. १३ ऑगस्ट २००८ रोजी वरच्या न्यायालयाने हा निर्णय फिरवला. आधार कशाचा घेतला? परवान्यातल्या दोन शब्दांचा, ज्यांचा अर्थ 'या अटीवर की'. परवानगी 'या अटीवर की' दिलेली आहे. अट मोडली की परवानगीच उरत नाही. परवानगी नाही म्हणजे कॉपीराइटचा भंग. शिवाय न्यायालयाने हेही मान्य केले की पैसे न घेता दिलेल्या कामातही लेखकाचे हित गुंतलेले असते. खेळण्यातल्या गाडीच्या निमित्ताने साऱ्या मुक्त सॉफ्टवेअरचा पाया दोन शब्दांवर तोलला गेला. तिथे 'कृपया' लिहिलेले असते, तर निकाल काय लागला असता, याचा विचार करा.

'कृपया'वाले आपल्याकडे पुष्कळ आहेत. 'फक्त शैक्षणिक उपयोगासाठी', 'समाजहितासाठी वापरावे', 'व्यावसायिक गैरवापर करू नये'. वाचायला किती छान! पण शुल्क घेणारी शिकवणी शैक्षणिक की व्यावसायिक? जाहिराती छापणारा दिवाळी अंक? वर्गणीवर चालणारे नियतकालिक? ज्याला विचारायला लाज वाटते तो प्रामाणिक माणूस मागे हटतो, आणि ज्याला लाज नाही तो घेऊन जातो. गोड आणि धूसर अट नेहमी सज्जनालाच अडवते.

ही चूक मोठ्यांनीही केली आहे. डग्लस क्रॉकफर्ड यांनी जेसॉन या प्रसिद्ध माहिती-स्वरूपासाठी लिहिलेल्या कोडच्या परवान्यात, एमआयटीच्या मजकुरात, एक वाक्य घातले: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाइटासाठी नाही. हसण्यावारी नेण्यासारखी ओळ. पण चांगले-वाईट ठरवणार कोण? त्या एका ओळीमुळे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने तो परवाना मुक्त नाही असे म्हटले, आणि अपाची फाउंडेशनने २०१६ मध्ये आपल्या प्रकल्पांतून त्या परवान्याचा कोड बाहेर ठेवायचे ठरवले. नीती मला नको आहे असे नाही. पण ज्या अटीचा अर्थ प्रत्येक वाचक आपापल्या सोयीने लावू शकतो, तिच्यावर दुसऱ्याने आपले दहा वर्षांचे काम उभारावे ही अपेक्षा चूक आहे. १९९८ मध्ये ठरलेल्या ओपन सोर्सच्या व्याख्येत दहा कलमे आहेत. माणसा-माणसांत भेद करू नये आणि कामाच्या क्षेत्रांत भेद करू नये, ही त्यातली दोन. ती काही निष्काळजीपणाने घातलेली नाहीत.

आता बड्यांकडे वळू. आपला भाबडेपणा एकीकडे, त्यांची चलाखी दुसरीकडे. मेटा कंपनीने जुलै २०२३ मध्ये 'लामा २' हे भाषेचे प्रारूप प्रसिद्ध केले आणि 'ओपन सोर्स' म्हणून त्याचा डांगोरा पिटला. परवाना उघडून पाहावा तर त्यात ज्यांचे महिन्याचे वापरकर्ते सत्तर कोटींहून अधिक आहेत त्यांनी वेगळी परवानगी मागावी अशी अट. त्याचे उत्पन्न वापरून दुसरे भाषा-प्रारूप सुधारू नये अशी अट. आणि कशासाठी वापरू नये याची लांबलचक यादी. ज्या संस्थेने ओपन सोर्सची व्याख्या सांभाळली आहे, तिने हे ओपन सोर्स नव्हे असे तेव्हाच सांगितले. सत्तर कोटींची अट तुम्हा-आम्हाला लागू होत नाही, मग काय बिघडले? बिघडले हे की शब्दाचा अर्थ बदलला. उद्या एखाद्या राज्य सरकारच्या निविदेत 'ओपन सोर्स' असे लिहिलेले असेल, तेव्हा त्याचा अर्थ व्याख्येतला घ्यायचा की जाहिरातीतला?

दुसरी चलाखी वाट मध्येच वळवण्याची. रेडिस हे माहिती झटपट साठवणारे सॉफ्टवेअर २००९ पासून बीएसडी परवान्याखाली होते. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. मार्च २०२४ मध्ये ते सांभाळणाऱ्या कंपनीने जाहीर केले की पुढच्या आवृत्त्या अधिक जाचक परवान्यांखाली येतील. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने, २०२१ मध्ये इलॅस्टिकने असेच केले होते. या कंपन्यांची तक्रार खोटी नाही, हे मी कबूल करतो. आम्ही लिहायचे आणि क्लाउडच्या महाकाय कंपन्यांनी ते सेवा म्हणून विकून गब्बर व्हायचे, हा अन्याय आहे. त्यावर उपाय शोधायचा त्यांना हक्क आहे. बंद करायचे तर खुशाल बंद करा. पण बंद केलेल्या दारावर 'उघडे' ही पाटी लावू नका. आणि तोवर लोकांनी आणून टाकलेली माती-दगड आपल्या एकट्याची होती, असे भासवू नका.

पण या प्रकरणाचा पुढचा भाग माझ्या मुद्द्याचा सर्वांत मोठा पुरावा आहे. परवाना बदलला तो पुढच्या आवृत्त्यांसाठी. आधीची आवृत्ती बीएसडीखाली दिलेली होती, लेखी दिलेली होती, आणि ती तशीच राहिली. त्याच महिन्यात जुन्या लोकांनी रेडिसची ७.२.४ ही आवृत्ती घेऊन लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली 'वाल्की' हा नवा प्रकल्प उभा केला. कोणाची परवानगी मागावी लागली नाही, कोणाचे वारस शोधावे लागले नाहीत. पुढे मे २०२५ मध्ये रेडिसने स्वतःच एजीपीएलचा पर्याय पुन्हा देऊ केला. नातवाने कुंपण घातले, पण रकाना भरलेला होता; म्हणून वाट राहिली.

आपल्या कायद्यातली एक गोष्ट मात्र मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे, आणि ती लेखकांच्याही कामाची आहे. भारतीय कॉपीराइट कायद्याचे कलम १९ सांगते की हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरावी, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरावा. कलम ३०-ए सांगते की कलम १९ च्या तरतुदी योग्य त्या फेरफारांसह परवान्यांनाही लागू होतात. ही तरतूद लेखकाच्या भल्यासाठी आहे. प्रकाशकाने मोघम करार करून त्याला जन्मभर बांधून ठेवू नये म्हणून. पण मोकळ्या मनाने देणाऱ्यालाही ती लागू पडू शकते. एमआयटी परवान्याच्या मजकुरात मुदतीचा उल्लेख नाही, प्रदेशाचाही नाही. अपाची परवान्यात 'कायमचा', 'जगभर', 'मागे न घेता येणारा' हे शब्द आहेत. जीपीएलची तिसरी आवृत्ती कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी हक्क देते. म्हणून भारतात बसून काही मुक्त करणाऱ्याने हे शब्द असलेला परवाना निवडावा, किंवा आपल्या सूचनेत 'कायमचा व जगभर' हे जोडावे. अन्यथा ज्याला आपण दान समजतो ते पाच वर्षांचे भाडेपत्र होते, असे उद्या कोणी वकील उभा राहून म्हणू शकेल.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे: 'ही सगळी पाश्चात्त्य वकिली. आपली परंपरा ज्ञान वाटण्याची आहे, कागद करण्याची नाही.' परंपरेचे नाव घेताना जरा जपून. आपल्या परंपरेत ज्ञान वाटले गेले तसे ते अडवलेही गेले. कोणाला ऐकू द्यायचे आणि कोणाला नाही, हे लेखी नियमांनी आणि त्याहून अधिक अलिखित नियमांनी ठरत होते. अलिखित नियम नेहमी त्याच्या बाजूने असतो ज्याला आधीपासून आत प्रवेश आहे. लेखी परवाना अनोळखी माणसाला उभे राहायला जागा देतो. त्याला देणाऱ्याची ओळख लागत नाही, जात सांगावी लागत नाही, नमस्कार करायला जावे लागत नाही. तो वाचतो आणि घेतो.

मात्र तो वाचता आला पाहिजे. परवाने इंग्रजीत आहेत, ही खरी अडचण आहे, आणि इथे या पत्रिकेच्या वाचकांचे काम सुरू होते. युरोपीय संघाने स्वतःचा सार्वजनिक सॉफ्टवेअर परवाना, ईयूपीएल, २३ भाषांत प्रसिद्ध केला आहे आणि त्या सर्व भाषांतला मजकूर सारख्याच तोलाचा मानला आहे. माल्टाच्या माणसाला माल्टीजमध्ये, एस्टोनियाच्या माणसाला एस्टोनियनमध्ये आपले हक्क वाचता येतात. आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. 'या अटीवर की' याला कन्नडमध्ये, बांगलामध्ये, कोकणीत कोणता शब्द चालेल जो न्यायालयात टिकेल आणि लातूरच्या सरांनाही कळेल? हे काम एकट्या वकिलाचे नाही, एकट्या इंजिनीअरचेही नाही. अनुवादकाचे आहे.

तोवर निदान एवढे करा. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ओपन सोर्स वापरण्याचे धोरण जाहीर केले, २०१७ मध्ये सरकारी माहितीसाठी खुला परवाना ठरवला. म्हणजे तत्त्व मान्य आहे. मग जनतेच्या पैशातून तयार झालेला प्रत्येक फाँट, कोश, कीबोर्ड, शब्दसंग्रह कोणत्या परवान्याखाली आहे, हे त्याच्या पहिल्या पानावर का नसावे? विद्यापीठांनी, भाषा-संस्थांनी, साहित्य मंडळांनी 'विनामूल्य उपलब्ध' हे शब्द लिहायचे बंद करावे. त्यांनी काहीच कळत नाही. स्वतःचा परवाना लिहायचा मोह टाळावा. रुळलेला परवाना घ्यावा: कोडसाठी जीपीएल किंवा अपाची, फाँटसाठी ओएफएल, लेखनासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स. नाव लिहावे, आवृत्तीचा क्रमांक लिहावा, हक्क कोणाचा ते लिहावे. आणि द्यायचे नसेल तर 'सर्व हक्क राखीव' असे लिहावे. त्यात काही कमीपणा नाही. राखीव ठेवणारा निदान फसवत तरी नाही.

सरांच्या पानावर 'मनसोक्त वापरा' च्या खाली आणखी एक ओळ असायला हवी होती: हक्क अमुक यांचा, परवाना जीपीएल, आवृत्ती ३. लिहायला अर्धा मिनिट लागला असता. कोल्हापूरची ती मुलगी आज त्यांच्या यादीत शब्द भरत बसली असती, आणि प्रत्येक प्रतीवर सरांचे नाव राहिले असते.